तिसरं कडवं

आमच्याकडे तिसरं कडवं गाळतात.
पाळकसाहेब सांगतात, "गीत दोनशे चौदा.
पहिलं, दुसरं आणि शेवटचं,"
आणि त्यांचा एक डोळा घड्याळावर.
कोपरखैरण्यातल्या शाळेचा वरचा हॉल
साडेदहापर्यंतच आमचा,
मग कराटेचा क्लास.
भिंतीवर अ अननसाचा, आ आगगाडीचा,
त्यांच्या मधे पुठ्ठ्याचा क्रूस,
रविवारी लावायचा, रविवारीच उतरवायचा.

मी पेटी वाजवतो. अठरा वर्षं झाली.
ती सासऱ्यांबरोबर जालन्याहून एसटीच्या टपावर आली,
तेव्हापासून तिच्या भात्याला बारीक भोक आहे.
गीत सुरू व्हायच्या आधी ती उसासा टाकते.
लोकांना वाटतं, मीच.

इथे पाठीमागून येणारा प्रत्येक आवाज मला ठाऊक आहे.
अमोलिककाका सुरात कधीच नसतात,
पण ओळीच्या शेवटी दम धरून
बाकीच्यांची वाट बघतात.
रूथ आणि तिची जाऊ घरी बोलत नाहीत,
इथे एकाच पुस्तकातून गातात,
पान उलटायचं कुणी, एवढाच काय तो वाद.
पोरं पडद्याकडे बघून गातात.
पडद्यासाठी निखिल शनिवारी रात्री टाइप करतो,
गायची तेवढीच कडवी.
म्हणजे त्यांच्या लेखी तिसरं नाहीच.

युनिस रणनवरे मार्चपासून गात नव्हती.
रबाळ्याच्या कंपनीतून फोन आला, तो मार्च.
ती यायची, दुसऱ्या रांगेत बसायची,
बरोब्बर पान काढायची,
ओठ मिटलेले.
कुणी काही म्हणालं नाही.
तिच्या वाटचं आम्ही गात होतो असं म्हणतात,
मला तसं सांगता येणार नाही.
मी फक्त लय जरा संथ ठेवत होतो.

गेल्या रविवारी दुसरं कडवं संपलं,
मी शेवटच्याकडे वळणार,
आणि तिने तिसरं धरलं.

बसूनच. मोठ्याने नाही.
त्या कडव्यात कबर आहे,
तेल संपत आलेला दिवा आहे,
आणि "का" हा शब्द दोनदा आहे.
त्याचं उत्तर चौथ्यातही नाही,
मी घरी जाऊन बघितलं.

पडद्यावर शेवटच्या कडव्याचं हालेलूया
ताटकळत उभं.
खाली पुस्तकं उघडायची घाई,
दमट हवेने चिकटलेली पानं नखाने सोडवत,
पोरं मोठ्यांच्या खांद्यांवरून वाकलेली,
नव्या शब्दांवर अडखळत, अर्धा शब्द मागे,
अमोलिककाका तर अख्खी ओळ मागे.
तरी ती ओळ संपेना,
कुणी ना कुणी तिच्यात होतंच.

मी पांढरी एक दाबली. नाही.
काळी एक. तीही नाही.
ती दोन्हींच्या मधे कुठेतरी गात होती,
आणि मधे पट्टी नसते.
मग मी उजवा हात मांडीवर ठेवला
आणि नुसता भाता हलवत राहिलो.
भोकातून हवा जात होती,
तिच्या आवाजाच्या जरा खालून.

दारात कराटेची मुलं,
पांढरे पोशाख, चपला हातात.
त्यांच्या सरांनी टोपी काढली,
पुन्हा घातली, पुन्हा काढली.

दहा चाळीस.
हॉलवाल्याने उशिराचे दोनशे लावले.
पाळकसाहेबांनी ते दानातून नाही, खिशातून दिले
आणि वहीत लिहिलं:
गीत २१४, सर्व कडवी.

क्रूस पिशवीत गेला, पेटी खोक्यात.
युनिस डब्याची पिशवी घेऊन जवळ आली,
कितीतरी महिन्यांनी.
"मधेच पेटी बंद पडली का हो?"
म्हटलं, हो.
जुनी झालीय.